हार्डटेल अपग्रेड करू की विकून टाकू? आणि टेकडीवर एवढे सायकलवाले कधी झाले?

मध्यमगती:
नमस्कार मंडळी. इथे सायकलीवर धागे पुष्कळ आहेत, पण बहुतेक बीआरएमचे (लांब पल्ल्याच्या राइडचे) आणि रोडबाइकचे. म्हणून वेगळा काढतोय.

माझी २९ इंची चाकांची ॲल्युमिनियमची हार्डटेल (फक्त पुढे सस्पेन्शन असलेली सायकल) आहे. २०२१ मध्ये घेतली. तेव्हा दुकानात जी उभी असेल ती घ्यायची, निवडीला वावच नव्हता. पुढे ३ मागे ८ चकत्या, स्प्रिंगवाला १०० मिमी दबणारा पुढचा फोर्क, केबलचे डिस्क ब्रेक, २.१ चे टायर. घेतली होती ऑफिसला जायला. मग एका मित्राने पुण्याच्या वेताळ टेकडीवर एआरएआय संस्थेच्या बाजूने चढवलं आणि आता डांबरावर करमत नाही. शनिवार-रविवार टेकडी, मधूनच पाषाण, हिवाळ्यात बोपदेव घाट चढून वरचे कच्चे रस्ते.

सायकल आता कुरकुरायला लागली आहे. दगडांवरून उतरताना फोर्क खाली आदळतो, चेन उडते आणि लांब उतार असला की ब्रेक दाबून बोटं आखडतात. दुकानात दाखवली तर त्यांनी बिलाच्या मागे यादी लिहून दिली: हवेचा फोर्क, १ बाय १२ गिअर (पुढे एक, मागे बारा चकत्या), हायड्रॉलिक (तेलाचे) ब्रेक, ड्रॉपर (चालवतानाच वरखाली करता येणारी सीटची दांडी). बेरीज सायकलच्या मूळ किमतीच्या वर गेली. माझी तयारी पंचवीस हजारांची आहे, अगदी ताणलं तर तीस. कुठून सुरुवात करू? की ही विकून, भर घालून नवीच घेऊ?

दुसरा प्रश्न निव्वळ कुतूहलाचा. पूर्वी टेकडीवर सायकल दिसली की फिरायला आलेले लोक थांबून बघायचे. आता रविवारी सकाळी खाणीपाशी सायकलींना उभं राहायला जागा नसते. हे कधी झालं?

पॉपकॉर्नदास:
पहिला नंबर. बसलोय. फुल सस्पेन्शनवाले किती वेळात येतात ते बघू.

रविवारचा_राजा:
सरळ १ बाय १२ करा, बाकीचं नंतर. पुढे एकच चकती, तिचे दाते आळीपाळीने जाड-बारीक, त्यामुळे चेन जागची हलत नाही. मागच्या डिरेलरला (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) क्लच असतो, दगडांवर चेन फडफडत नाही. पुढचा शिफ्टर, पुढचा डिरेलर, एक केबल, सगळं निघून जातं. तुमचा अर्धा त्रास तिथेच मिटला. मग फोर्क. मग ड्रॉपर, आणि ड्रॉपर एकदा वापरलात की त्याच्याशिवाय उतार नकोसा वाटतो, हे आधीच सांगून ठेवतो.

चिखलवाट:
राजेसाहेब, मागच्या चाकाचा हब (मधला भाग) कुठला आहे हे न विचारता १२ सांगून मोकळे झालात?

मध्यमगती, शिमानो कंपनीची १२ स्पीड डिओरे (एम६१००) घेतलीत तर तिची कॅसेट (मागच्या चकत्यांचा संच) १०-५१ दात्यांची आहे. १० दात्यांची छोटी चकती जुन्या एचजी बॉडीवर (हबचा कॅसेट बसवायचा भाग) बसतच नाही, तिला मायक्रो स्प्लाइनची बॉडी लागते. म्हणजे नवा हब, म्हणजे बहुतेक नवं मागचं चाक. यादीत ते लिहिलंय का? नसेल तर ते दुसऱ्या फेरीत निघणार.

काहीही विकत घेण्याआधी एक संध्याकाळ मोजमापात घालवा. मागे कॅसेट आहे की आट्यांचं फ्रीव्हील ते बघा: चेन काढून दात्यांच्या चकत्या उलट्या फिरवा. मधला पान्याचा खाचेचा भाग त्यांच्याबरोबर फिरला तर कॅसेट, जागीच राहिला तर फ्रीव्हील. मग हेडट्यूब (फ्रेमची फोर्क बसतो ती नळी) वरून आणि खालून मोजा. पुढचं चाक क्विक रिलीजचं (खटक्याने सुटणारं) आहे की थ्रू ॲक्सलचं (जाड आरपार दांडीचं), सीटपोस्टवर कुठला आकडा कोरलाय (२७.२, ३०.९, ३१.६ यांपैकी काहीतरी असेल), आणि ब्रेकचा लिव्हर व गिअरचा शिफ्टर वेगवेगळे आहेत की एकाच तुकड्यात. शेवटचं विसरू नका, हायड्रॉलिकवाले तिथेच अडकतात.

सुटा_स्पोक:
@चिखलवाट, बरोबर, पण अर्धंच. १२ म्हणजे मायक्रो स्प्लाइनच असं नाही. श्रॅमच्या एसएक्स आणि एनएक्स ईगलची कॅसेट ११-५० आहे, ती साध्या एचजी बॉडीवर बसते. सनरेसच्याही ११ पासून सुरू होणाऱ्या १२ स्पीड कॅसेट मिळतात.

चिखलवाट:
मान्य, ते राहिलं. पण ११-५० ची ती कॅसेट उचलून बघितली आहेत का कधी? सहाशे ग्रॅमच्या वर. सायकल हलकी करायला निघालेला माणूस मागच्या चाकावर वीट बांधून परत येतो. मधला रस्ता हवा असेल तर डिओरेचीच ११ स्पीड (एम५१००, ११-५१) किंवा १० स्पीड (एम४१००, ११-४६) आहे, दोन्ही एचजीवर. मायक्रोशिफ्टची ॲडव्हेंट ९ स्पीड तर टेकडीसाठी पुरून उरते.

जुना_चिमटा:
मी टिळक रोडला एका सायकलच्या दुकानात उमेदवारी केलेला माणूस. आमच्या वेळी फोर्कला चिमटा म्हणायचे आणि हबला गावठी ग्रीस लागायचं. तुमच्या सगळ्या चर्चेत एक गोष्ट कुणी विचारली नाही: सायकलचं शेवटचं ओव्हरहॉलिंग कधी झालं?

चेन उडते म्हणता. चेन ताणली आहे का बघा, मापक शंभर-दीडशेला मिळतो. डिरेलरचा हँगर (तो टांगलेला असतो तो तुकडा) वाकला असेल. एकदा उजव्या बाजूवर पडली की तो थोडा तरी वाकतोच आणि वरून काही दिसत नाही. फोर्क आदळतो म्हणता. या स्प्रिंगच्या फोर्कचे खालचे पाय दोन बोल्ट काढले की बाहेर येतात. आत ग्रीस वाळून दगड झालेलं असतं, फोमच्या रिंगा मातीने भरलेल्या. पुसून, ग्रीस भरून बसवा. हेडसेटचा खेळ काढा, चाकांचा आउट काढा. आठशे-हजार रुपयांत होतं. त्यानंतरही वाजलं तर मग खुशाल नवा घ्या.

रविवारचा_राजा:
काका, तुमचं बरोबर आहे, पण स्प्रिंगच्या फोर्कला कितीही ग्रीस भरा, तो स्प्रिंगचाच राहणार. वजन अडीच किलोच्या वर, आणि स्प्रिंग सगळ्यांना एकच. पंचावन्न किलोच्या माणसाला ती दबत नाही, नव्वदवाल्याला उरत नाही. हवेच्या फोर्कमध्ये शॉक पंपाने आपल्या वजनाप्रमाणे हवा भरता येते. सायकलवर उभं राहिलं की एकूण प्रवासाच्या वीस-पंचवीस टक्के दबला पाहिजे, तेवढी हवा. शिवाय रिबाउंडची (दबलेला फोर्क किती वेगाने वर येतो त्याची) कळ. फरक पहिल्या दगडाला कळतो.

जुना_चिमटा:
फरक आहे, कोण नाही म्हणतं. मी क्रम सांगतोय.

पन्हाळ्याचा_पाव्हणा:
आमच्याकडं मसाई पठारावर सगळा जांभा. खडबडीत, वरनं पावसात शेवाळ. तिथं कुठला बी फोर्क असूं दे, टायर बरोबर नसलं तर माणूस आडवा. मी एक रुपयाचा पार्ट न बदलता सायकल निम्मी सुधारली, हवा कमी करून. ट्यूबमध्ये ५० पीएसआय भरून चालवत होतो, दुकानदारानं तसंच दिलेलं. पस्तिसावर आणली आणि सायकल जमिनीला धरून चालाय लागली. अजून खाली गेलं की दगडावर ट्यूब चिमटती, तिला दोन बारकी भोकं पडतात शेजारी शेजारी. तिथनं पुढं ट्यूबलेस लागतंय.

चिखलवाट:
हेच. टायर आधी. २.१ काढून २.२५ किंवा २.३५, पुढे गाठी मोठ्या असलेला, मागे जरा कमी. फक्त मागच्या दांड्यांमध्ये जागा आहे ना ते बघा, चिखल धरून. सत्तर किलोचा माणूस ट्यूबलेसवर पुढे २२, मागे २५ पीएसआयला आरामात चालवतो. पुढच्या शंभर मिलिमीटरच्या फोर्कमधले पहिले वीस टायरच देतो म्हणा ना.

आणि पुण्यात ट्यूबलेसचं मुख्य कारण पकड नव्हेच, बाभळीचा काटा. टेकडीवर छाटणी झाली की आठवडाभर वाटेवर काटे. टायरमध्ये सीलंट (भोक बुजवणारा द्रव) असेल तर काटा उपसायचा, चाक दोनदा फिरवायचं, निघायचं.

नागपुरी_ऊन:
सीलंटचं सांगून राहिले तर हे पण सांगा ना, की ते सुकते. डबीवर काही महिने लिहिलं असते, पण आमच्याकडे एप्रिल-मे मध्ये सायकल गच्चीवर ठेवली तर टायरमध्ये नुसतं रबराचं जाळं सापडते. मी उन्हाळ्यात दीड-दोन महिन्यांनी व्हॉल्वची कोर काढून वरून भरतो. अंबाझरीकडे काट्यांची कमी नाही, कोरडं सीलंट घेऊन गेलं की चालत घरी.

पॉपकॉर्नदास:
आतापर्यंत चिमटा, वीट, जाळं. मूळ सायकल अजून स्टँडवरच उभी आहे.

वेताळकन्या:
मी सायकल चालवत नाही. टेकडीवर लहानपणापासून चालते आणि पावसाळ्यात रोपं लावणाऱ्या गटात आहे. धाग्याच्या दुसऱ्या प्रश्नावर लिहिते, कारण तिथे मला बोलायचंय.

कधी झालं? लॉकडाउन उठल्यावर. २०२० च्या उन्हाळ्यानंतर लोकांना घराबाहेर पडायचं होतं, जिम बंद होत्या, सायकली विकत घेतल्या गेल्या. आधी रस्त्यावर फिरले, मग ॲपवर कुणाचा तरी मार्ग बघून टेकडीवर आले. तुमचे ते नकाशे आहेत ना, जिथे जास्त लोक जातात ती रेघ ठळक होत जाते, त्यावरून आणखी लोक येतात. आधी हातभर रुंदीची पायवाट होती तिथे आता बैलगाडी जाईल. वळणाच्या आतल्या बाजूने नवी वाट, उतारावर झाडाला वळसा घालून तिसरी. ज्या उतारावर आम्ही पाणी मुरायला समतल चर खणले, त्यातल्या एकाच्या कडेवरून उडी मारायचा ढीग केला होता कुणीतरी. माती चरातलीच.

मागून न आवाज करता वेगात येणारी सायकल साठीच्या माणसाला काय वाटते, याचाही विचार करा. तुमचे ब्रेक चांगले असतील, त्याला ते माहीत नसतं.

रविवारचा_राजा:
ताई, ढीग करणारे आम्ही नाही. आणि वाट रुंद होण्यात शॉर्टकट मारणाऱ्या चालणाऱ्यांचाही वाटा आहे.

वेताळकन्या:
आहेच. मी त्यांनाही बोलते. रोज. पण चरातली माती उचलून उडीचा ढीग करायला चालणाऱ्याला काही कारण नसतं.

सुटा_स्पोक:
उडीबद्दल काही बोलण्यासारखं नाही, ते चूकच. झीज कशाने होते त्यावर एवढंच सांगतो: सुक्या मुरमावर फिरणारं चाक फारसं काही करत नाही. मागचा ब्रेक गच्च दाबून चाक घासत नेलं की नळी पडते, आणि पहिल्या मोठ्या पावसात पाणी त्याच नळीतून उतरतं. नवशिका घाबरून नेमकं हेच करतो. पुढचा ब्रेक वापरायला शिकवणं हे टेकडी वाचवायचं कामच आहे. पावसाळ्याचं मात्र ताईंचं ऐका. मुरमाची वाट एका दिवसात निचरते. काळ्या मातीची वाट चार दिवस ओली राहते, तिच्यावर गेलं तर वाटही जाते आणि फोर्कच्या कमानीत चिखल भरून सायकल खांद्यावर घ्यावी लागते.

कार्डिफकर:
हे भांडण जुनं आहे आणि ते पुण्याचं नाही. डोंगरावर सायकल घालायचा उद्योग रूढ झाला तो कॅलिफोर्नियाच्या मरीन काउंटीत, माउंट टॅमलपायसच्या आसपास. १९७६ मध्ये तिथे रिपॅक नावाची शर्यत सुरू झाली. जुन्या श्विन सायकली, फुगीर टायर, मागे पेडल उलटं दाबून लागणारा ब्रेक. साधारण तीन किलोमीटरमध्ये चारशे मीटर खाली. तळाला पोहोचेपर्यंत हबमधलं ग्रीस जळून धूर निघायचा, ते पुन्हा भरावं लागायचं, म्हणून रिपॅक. जो ब्रीझने १९७७ मध्ये त्यासाठी खास फ्रेम बनवली, गॅरी फिशर त्याच टोळक्यातला. १९९६ मध्ये अटलांटाला हा ऑलिंपिक खेळ झाला. आणि ज्या डोंगरावर हे जन्मलं तिथल्या बहुतेक अरुंद पायवाटांवर सायकलला बंदी आली. रुंद वाटांवर वेगमर्यादा ताशी १५ मैल, वळणावर किंवा माणूस दिसला की ५.

इकडे इंग्लंड-वेल्समध्ये १९६८ च्या कायद्याने घोडेवाटांवर सायकलला परवानगी मिळाली, अट एकच, घोडा आणि चालणारा यांना आधी वाट द्यायची. पण खरा फरक पडला तो नव्वदच्या दशकात. वेल्समधल्या कॉइड-अ-ब्रेनिनच्या जंगलात सायकलसाठीच म्हणून वाटा बांधल्या. दगड बसवून, पाणी बाजूला काढून, निळी-लाल-काळी अशी अवघडपणाची पाटी लावून. गर्दी तिकडे गेली. जागा दिली नाही की लोक चरातली माती उचलतात, वेताळकन्याताई. समर्थन करत नाहीये.

वेताळकन्या:
टेकडीवरच बांधायच्या म्हणत असाल तर नाही. बालभारती ते पौड फाटा रस्त्याविरुद्ध २०२३ मध्ये लोक मोर्चाने उतरले होते ते टेकडीवर आणखी काही होऊ नये म्हणून. सायकलची वाट आणि डांबरी रस्ता सारखे नाहीत हे कळतं मला. पण जमीन वनखात्याची आहे, एकाला बांधू दिलं की दुसरा येतो. शहराबाहेर पडीक मुरमाड जमिनी कमी नाहीत.

मुंबईचा_दम:
आमच्याकडे तर प्रश्नच मिटतो. येऊर राष्ट्रीय उद्यानात. आत कुठेही घुसता येत नाही आणि ते बरंच आहे, बिबट्याला घंटी ऐकू येते की नाही माहीत नाही. आम्ही सगळे कर्जतकडे पळतो. तुम्ही पुणेकर घरापासून पंधरा मिनिटांत मातीवर असता आणि वर धागे काढता.

पॉपकॉर्नदास:
पुणेकर धागा काढतो म्हणूनच तुम्हाला प्रतिसाद द्यायला मिळतो. हलके घ्या.

मध्यमगती:
सगळ्यांचे आभार. वेताळकन्याताई, घंटी आजच लावली, आणि ढीग कुठल्या वळणाला आहे ते कळवा, आम्ही काहीजण येऊन माती परत भरू.

चिखलवाट, सांगितलं तसं बसून मोजलं. मागे कॅसेट आहे, ११-३२. पुढे ४२-३२-२२, पण चकत्या रिव्हेट मारलेल्या आहेत, सुट्या निघत नाहीत. हेडट्यूब वर-खाली सारखीच, आतून ४४. पुढे क्विक रिलीज. ब्रेक लिव्हर आणि शिफ्टर एकाच तुकड्यात. सीटपोस्ट ३०.९. रिमवर ट्यूबलेसचं काही लिहिलेलं नाही, आतली रुंदी २० भरली. मापक चेनमध्ये पूर्ण बसला, म्हणजे चेन गेलेली आहे.

चिखलवाट:
आता गंमत बघा. भिंतीला खिळा ठोकायला जावं आणि प्लास्टर हातात यावं, तसे हे पार्ट एकमेकांना घेऊन खाली येतात.

हायड्रॉलिक ब्रेक घेतलेत की लिव्हरबरोबर शिफ्टर जातो, म्हणजे शिफ्टर नवे. शिफ्टर नवेच घ्यायचे तर १ बाय का नको, असं दुकानदार म्हणणार. १ बाय केलंत तर पुढची चकती हवी, तुमच्या चकत्या रिव्हेटच्या, म्हणजे क्रँक नवी. क्रँक नवी म्हणजे बहुधा बीबी (क्रँकचं बेअरिंग) नवी. बाजारात सहज मिळणारा हवेचा फोर्क टेपर्ड स्टिअररचा (खाली जाड होत जाणाऱ्या दांडीचा). तुमची हेडट्यूब ४४ असल्याने तो बसेल, पण खालची कटोरी बाहेरून बसणारी घ्यावी लागेल आणि पुढचा भाग सेंटीमीटरभर उचलला जाईल. शिवाय त्यातले बरेचसे १५ मिमी ॲक्सलचे, म्हणजे पुढचं चाक नवं. अशी तुमची तीस हजारांची सायकल सत्तरची होते, आणि विकायला काढली तर लोक फ्रेमचं नाव बघून पंधरा देतात.

गिअरचा हिशोबही करा. आत्ता तुमचा सगळ्यात हलका गिअर २२ भागिले ३२, म्हणजे ०.६९. पुढे ३२ आणि मागे ११-४२ बसवलंत तर ०.७६. म्हणजे पैसे देऊन चढ अवघड केला! ०.६९ च्या खाली यायचं तर ३२ ला ५१ (०.६३) किंवा ३० ला ४६ (०.६५) हवं. एआरएआयच्या चढावर हा फरक मांडीला कळतो. तुमच्या २२ दात्यांच्या चकतीला कुणी नावं ठेवली तर ठेवू देत.

रविवारचा_राजा:
पण ती २२ ची चकती वापरायला पुढचा डिरेलर चालू लागतो ना? चढाच्या मध्यावर ३२ वरून २२ वर टाकलं की चेन आत पडते. यांची चेन तिथेच उडत असणार. सत्तरचं गणित तुम्ही सगळं एकदम केलं म्हणून. तीन वर्षांत तुकड्या-तुकड्याने होतं आणि मजा येते. विकून नवी घेण्यात ती मजा नाही. मी माझ्या सायकलचा एकेक बोल्ट ओळखतो.

चिखलवाट:
मजा येते हे कारण मला पटतं. बचत होते असं मात्र म्हणू नका.

सुटा_स्पोक:
ब्रेकचं कोडं स्वस्तात सुटतं. शिमानोचे साधे एमटी२०० हायड्रॉलिक आणि एम३१५ चे सुटे शिफ्टर, ३ बाय ८ चेच. बाकी सगळं जागेवर राहतं. एक लक्षात ठेवा: या पातळीच्या रोटरवर बहुतेक वेळा फक्त रेझिन पॅड वापरा असं कोरलेलं असतं. पावसात रेझिन भराभर झिजतात म्हणून कुणी मेटल पॅड घालायला सांगेल, तर रोटरही बदलावा लागेल, नाहीतर रोटर खाऊन टाकतात. आणि तेल भरायची वेळ आली की मिनरल ऑइलच. डॉट फ्लुइड याच्यात घातलं की सील फुगून कामातून जातात. नवे पॅड बसवल्यावर एखाद्या रिकाम्या उतारावर वीसेक वेळा वेग घेऊन हळूहळू दाबा, मगच टेकडीवर न्या, नाहीतर पहिल्याच उतारावर कर्कश्श बोंब.

जुना_चिमटा:
रिम ट्यूबलेसची नसेल तर टेप मारून करणारे आहेत. चालतंही. पण कमी हवेवर वळणात टायर रिमवरून सुटून हवा फस्सकन जाते, तेव्हा खाली दगड असतात. माझं मत, या रिमवर ट्यूबच ठेवा, ट्यूबमध्येच सीलंट घाला. कोर निघणाऱ्या व्हॉल्वची ट्यूब बघून घ्या, नाहीतर घालणार कुठून? काट्याचा प्रश्न बराचसा मिटतो. हवा पाव्हण्यांनी सांगितली तेवढीच, पस्तीसच्या आसपास. पुढे कधी चाकं बदलाल तेव्हा ट्यूबलेस.

चिखलवाट:
काकांशी सहमत. नाइलाजाने.

पन्हाळ्याचा_पाव्हणा:
पेडल राहिली की. पिना असलेली रुंद फ्लॅट पेडल घ्या, बूट चिकटून बसतोय. आणि नडगीला पट्टी. पिनांनी एकदा नडगी सोलली की कळतंय कशासाठी सांगितलं.

नागपुरी_ऊन:
आणि उतारावर सीट खाली करायची असेल तर त्याला ड्रॉपरच लागते असं थोडीच आहे. क्विक रिलीजचा क्लॅम्प लावा, वर पोचलं की थांबा, पाणी प्या, सीट खाली करा, निघा. तसंही वर पोचल्यावर थांबताच ना सगळे.

मध्यमगती:
ठरलं. चेन आणि कॅसेट, एमटी२००, एम३१५, दोन २.२५ चे टायर, सीलंटवाल्या ट्यूब, पेडल, आणि काकांनी सांगितलेलं फोर्कचं ग्रीस. हँगर खरंच वाकलेला निघाला, सरळ करून घेतला. सगळं मिळून वीसच्या आत बसतंय. फोर्कचा निर्णय पावसाळ्यानंतर, तोपर्यंत कुणाचा तरी हवेचा फोर्क असलेली सायकल चालवून बघतो.

रविवारचा_राजा:
माझी घ्या. पाषाणला या शनिवारी. एकदा चालवलीत की निर्णय पावसाळ्यापर्यंत थांबत नाही, बघा.

वेताळकन्या:
पाषाणला जाण्याआधी सकाळी सहाला टेकडीवर या. ढीग खाणीच्या वरच्या अंगाला, मारुतीच्या वाटेच्या डाव्या हाताला आहे. दोन घमेली आणि एक फावडं माझ्याकडे आहे, आणखी कुणाकडे असेल तर आणा.

सुटा_स्पोक:
येतो. फावडं आहे.

मुंबईचा_दम:
@मध्यमगती, सीटपोस्ट ३०.९ म्हणालात ना? माझ्याकडे २७.२ चा ड्रॉपर पडून आहे, बाहेरून केबलवाला. शिम (मधली पातळ नळी) लावला की ३०.९ मध्ये बसतो. स्वस्तात देईन.

पॉपकॉर्नदास:
वीसच्या आत बसतंय म्हणत होते नुकतेच.